चौदा किलो सहाशे

आबांनी पास केलेला काटा म्हणजे पास, यावर त्या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांचं एकमत होतं. एरवी त्या मंडळींचं कशावरच एकमत व्हायचं नाही. भाजीवाला, बेकरीवाला, रद्दीवाला, खिळेमोळे विकणारा, सगळे आपापले काटे उचलून आबांच्या चिंचोळ्या दुकानात आणत आणि आबा दातांत स्क्रू धरून, चष्मा कपाळावर चढवून ते उघडत. चव्वेचाळीस वर्षं हेच काम. काम चालू असताना कुणी काही विचारलं तर उत्तर यायचं ‘हं’. त्या एका ‘हं’चे सतरा अर्थ होते आणि ते सगळे फक्त त्यांच्या नातीला कळायचे.

एकदा एका भाजीवाल्याने पारड्याच्या बुडाला शिशाची गोळी चिकटवलेला काटा ‘जरा तपासून द्या’ म्हणून आणला. हिंमत बघा! आबांनी गोळी नखाने काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “काटा ठणठणीत आहे. बिघाड तुमच्यात आहे, त्याचं हत्यार माझ्याकडे नाही.” ही गोष्ट नातीने शंभर वेळा ऐकली होती आणि दर वेळी तिचा प्रश्न एकच असायचा. “पण आबा, गोळी लावल्यावर भाजी खरंच जड झाली?”

“नाही.”

“मग सगळ्यांना जड वाटली तरी कशी?”

“काट्यावर विश्वास होता म्हणून,” आबा म्हणायचे.

नातीला आबा छटाक म्हणत. छटाक म्हणजे जुन्या मापातलं चिमूटभर वजन. नाव लाडाचं होतं, पण दुर्दैवाने खरंही होतं. साडेपाच वर्षांची ती पोर दिसायची तिनाची. जन्मतःच तिच्या हृदयात खोट होती. बाळपणी एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. तोवर तीन पायऱ्या चढल्या की तिसरीवर बसून ती म्हणायची, “मी इथे जरा बाजार बघते,” आणि निळे पडलेले ओठ हाताने झाकून घ्यायची. तिचा बाप बोटीवर इंजिनात कामाला, सहा महिन्यांनी एकदा घरी. त्यामुळे आबांची लेक पोरीला घेऊन आबांकडेच राहत होती आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तिघांचा संसार चालला होता.

“पंधरा किलो झाली की ऑपरेशन करू,” हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “त्याच्या आत शरीराला झेपायचं नाही.” ऑपरेशन करणारी मोठी मंडळी तिथे चार महिन्यांतून एकदाच येत. पुढची खेप तीन महिन्यांवर होती. त्या दिवशी छटाकचं वजन भरलं तेरा किलो नऊशे.

“अकराशे ग्रॅम,” आबा जिना उतरताना स्वतःशीच म्हणाले. अकराशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं! खिळ्यांची एक पुडी. ती पुडी या पोरीच्या अंगावर चढवायची होती आणि तिथेच माणसाची सगळी हुशारी संपत होती.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. “रोज वजन बघा. वाढ थांबली तर मला लगेच कळवा.” आबांनी मान डोलवली होती. पण मनात त्यांनी त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून ठेवला, की वाढ थांबली तर ऑपरेशनच्या यादीतून नाव कापतील. कुणी असं म्हटलं नव्हतं. पण भ्यालेल्या माणसाला न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून आघाडी उघडली. लोणी, केळी, उकडलेली अंडी, बटाटा, साय. छटाकचं पोट मुठीएवढं आणि आबांचा घास फावड्याएवढा. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आबा तिला मोठ्या काट्यावर उभं करत. जमिनीवरची लोखंडी फळी, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. अंगात फक्त बंडी आणि चड्डी. छटाक श्वास रोखून उभी राही, कारण हवाही वजनात धरली जाईल अशी तिला आशा होती.

एके दिवशी वजन एकदम तीनशे ग्रॅमनी वाढलं. लेक आनंदाने ओरडली. आबांनी मात्र नातीकडे पाहिलं. पोर गुडघ्याला गुडघा घट्ट लावून उभी होती.

“किती तांबे पाणी प्यायलीस?”

“दोन,” छटाक म्हणाली. “आणि अर्धा. आबा, आधी लिहून घे ना, मग मी जाते.”

“आधी जा, मग बघू.”

ती जाऊन आली. तीनशे ग्रॅम गेले होते. “एवढं जड असतं ते?” छटाकने विचारलं आणि आबांना हसू फुटलं. मग दोघंही इतकी हसली की तिला धाप लागली आणि आबांनी तिला मांडीवर घेतलं.

पहिल्या महिन्यात दोनशे ग्रॅम चढले. दुसऱ्या महिन्यात कसेबसे दोनशे. चौदा तीनशे. आणि मग दांडी जी थांबली ती थांबलीच. लोणी दुप्पट झालं, दांडी ढिम्म. अंडी दोनाची तीन झाली, दांडी जागची हलेना. पोर खायची, खाताना घामाघूम व्हायची, खाऊन दमून झोपायची. एका सकाळी दांडी उलटी सरकली. चौदा दोनशे पन्नास.

छटाकला वजनं वाचता येत होती. शाळेत ती फारशी गेलीच नव्हती, पण बेरीज-वजाबाकी ती दुकानातल्या वजनांवर शिकली होती. तिने आकडा पाहिला आणि पुढ्यातली वाटी बाजूला सारली.

“खाऊन काही होत नाही, आबा. मी आता नाही खाणार.”

आणि खरंच नाही खाल्लं. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. लेकीने समजावलं, रागावली, शेवटी स्वयंपाकघरात जाऊन रडली. आबा खाली दुकानात बसून होते. समोर मोठा काटा होता. त्याच्या दांडीच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो, काटा शून्यावर आणायचा. तो किती फिरवला की किती फरक पडतो हे आबांना झोपेतही सांगता आलं असतं. चव्वेचाळीस वर्षांत लोकांचे फिरवलेले स्क्रू त्यांनी जागेवर आणले होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः एक स्क्रू जागेवरून हलवला. पाव फेरा, जास्त नाही. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी हत्यार घाईघाईने खणात टाकलं.

“चौदा साडेतीनशे!” दुसऱ्या सकाळी छटाक किंचाळली आणि तिने वाटी आपणहून जवळ ओढली.

आता सांगा, काय करायचं माणसाने? पोर जेवत होती. लेकीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आबा दर तीन-चार दिवसांनी स्क्रू केसभर पुढे नेत होते आणि मनातल्या मनात खरा आकडा वेगळा धरत होते. काट्यावरचा आकडा चौदा सहाशेवर गेला, खरा चौदा दोनशेवर उतरला. वीस दिवस हा उद्योग चालला. डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं, हे त्यांना रोज आठवायचं. रोज ते फोनपर्यंत जायचे. नाव कापतील या भीतीने रोज मागे फिरायचे. अन्न त्यांच्याही घशाखाली उतरेना, पण तिकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती!

हॉस्पिटलात जायचा दिवस उजाडला. छटाकने त्या सकाळी जाहीर केलं की आज कपडे ती एकटीच घालणार, दार लावून. “मी आता मोठी झालेय.” आणि दुसरा हुकूम असा की आज आबाने तिला उचलायचं नाही, आईनेच उचलायचं.

“का गं?” आबांना लागलंच ते जरा.

“असंच.”

मोठ्या हॉलमध्ये बाकं होती आणि बाकांवर पोरं घेऊन बसलेले आईबाप. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सिस्टरने हाक मारली, स्वेटर आणि फ्रॉक काढायला लावला. छटाकने आत जाड बंडी घातली होती, ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. “थंडी वाजतेय,” ती म्हणाली. सिस्टर दयाळू होती. “राहू दे बंडी,” म्हणाली. छटाक काट्यावर चढली.

“चौदा सहाशे,” सिस्टरने वाचलं.

लेकीने मान खाली घातली. घरी तेवढंच भरत होतं, चारशे कमी. आबांनी मात्र मान वर केली. चौदा सहाशे? खरे तर दोनशे होते! एका क्षणात त्यांच्या मनात काय काय आलं. चमत्कार झाला? पोर वाढली? की काटा तिरका आहे? त्यांनी सवयीने वाकून काट्याचे पाय पाहिले. काटा सरळ होता.

आणि छटाकने भोकाड पसरलं.

“खोटं आहे! पंधरा पाहिजेत! पंधरा व्हायलाच पाहिजेत!”

“अगं होतील हं,” सिस्टर म्हणाली. “अजून थोडी वाढलीस की होतील.”

“नाही! आत्ताच आहेत! नीट बघा ना!”

डॉक्टरीणबाई आल्या, कागद चाळले. “मागच्या वेळी तेरा नऊशे, आता चौदा सहाशे. वाढ चांगली आहे की! घाबरायचं कारण नाही. या खेपेला राहू दे. चार महिन्यांनी पुढच्या खेपेला नक्की घेऊ.” आणि त्यांनी पेन उघडलं.

रडणाऱ्या पोरीला उतरवायला आबा पुढे झाले. तिने अंग आखडून घेतलं, पण उशीर झाला होता. आबांचा तळहात तिच्या पोटाशी गेला आणि बंडीखाली त्याला गुंडाळी लागली. घट्ट, गोल, दोन. आबांना बघायची गरज नव्हती. दोनशे आणि दोनशे. त्यांच्याच पेटीतली पितळी वजनं, ज्यांवरून बाकी सगळी वजनं तपासायची, ज्यांना हाताचा घामसुद्धा लागू द्यायचा नसतो. पोरीने घरचा आकडा पाहिला होता, चौदा सहाशे. पंधराला चारशे कमी. हिशेब चोख होता. चुकला होता तो आबांचा स्क्रू.

छटाकने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. हुंदके देत ती पुटपुटली, “आबा, मी कापडाने धरली होती रे. हात नाही लावला.”

आबा पोरीला घेऊन तसेच बाकावर बसले.

गप्प बसता आलं असतं. वजनं खिशात टाकून घरी जायचं, पोरीला दटावायचं, झालं. लेकीला कळलं नसतं, डॉक्टरीणबाईंना कळलं नसतं, आबा आयुष्यभर जे होते ते राहिले असते. पण चार महिने! ‘वाढ चांगली आहे’ या भरवशावर चार महिने. रात्री पोरीच्या छातीवर हात ठेवून आबा बसत तेव्हा आतली धडपड त्यांच्या हाताला कळत होती. ती चार महिने पुरणारी नव्हती.

“डॉक्टर,” आबा म्हणाले. “लिहू नका.”

त्यांनी बंडीखालची गाठ सोडली. कापडातून दोन वजनं काढून टेबलावर ठेवली. सिस्टरच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं आणि तिला हसू आलं. ते हसू आबांचा चेहरा पाहून तिथल्या तिथे विरलं.

“पोरीने लावली,” आबा म्हणाले. “पण चूक तिची नाही. घरचा काटा मी फिरवलाय. वीस दिवस झाले. ती खायची थांबली होती म्हणून. खरं वजन चौदा दोनशे आहे. वाढ कधीच थांबलीय. शंभर ग्रॅम उतरलेत.”

लेक वडिलांकडे वळली. “बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही?”

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. त्या रागावल्या तेव्हा त्यांचा आवाज उलट खाली गेला. “मी सांगितलं होतं ना, वाढ थांबली तर लगेच कळवा?”

“नाव कापाल असं वाटलं.”

“नाव कापायला नाही हो! वाढ थांबली म्हणजे हृदय दमलं. मग पंधराची वाट बघण्यात अर्थच नाही, आहे त्या वजनावर घ्यावं लागतं. वीस दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, तेव्हा पोर आजच्यापेक्षा धट्टी होती.”

आबांनी तोंडावर हात घेतला. ज्या भीतीपोटी त्यांनी पोरीचं खरं वजन लपवून ठेवलं होतं, ती भीती त्यांनी स्वतःच बनवलेली होती. वीस दिवस. कुठल्या पारड्यात काय टाकलं असतं म्हणजे ते परत आले असते!

छटाक कधीची आबांकडे बघत होती. तिचं रडं थांबलं होतं. “आबा,” ती हळूच म्हणाली, “मोठा काटा खोटा होता?”

“हो.”

“तू केलास?”

“हो बाळा.”

ती आबांच्या मांडीवरून उतरली आणि आईकडे जाऊन उभी राहिली. ते सहा पावलांचं अंतर आबांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि आपलं काही चुकतंय असं त्यातल्या एकाही पावलाला वाटत नव्हतं.

परवाची तारीख मिळाली. धोका जास्त आहे, हे डॉक्टरीणबाईंनी लेकीला दोनदा समजावून सांगितलं. किती जास्त, असं आबांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, “आजोबा, ते मोजायचं माप माझ्याकडे नाही.”

सहा तास ऑपरेशन चाललं. लेक एका बाकावर आणि आबा समोरच्या. मधून लोक ये-जा करत होते. आबांनी देवाला काहीच मागितलं नाही, कारण आपण मागायच्या लायकीचे राहिलो नाही असं त्यांना वाटत होतं. ते फक्त तळहात उलटेसुलटे करून बघत बसले. दार उघडलं तेव्हा त्यांना उठता आलं नाही. लेक उठली, तिने ऐकलं, आणि तिथेच खाली फरशीवर बसून मोठ्याने रडू लागली. आबांना वाटलं संपलं. सिस्टरला त्यांचा खांदा हलवून तीनदा सांगावं लागलं, “आजोबा, आहे ती. ठीक आहे. ऐकताय ना?”

अकरा दिवसांनी छटाकला पुन्हा काट्यावर उभं केलं. छातीवर पट्टी होती आणि ओठ गुलाबी. इतके गुलाबी की आबांना ते कुणा दुसऱ्याच पोरीचे वाटत होते. ते सवयीने आकडा वाचायला वाकले.

“तू नको,” छटाक म्हणाली. “सिस्टर वाचतील.”

आबा मागे सरकले. भिंतीपर्यंत. शिक्षा रास्त होती, त्यावर अपील नव्हतं.

“तेरा किलो सातशे,” सिस्टरने वाचलं.

“कमी झालं?”

“थोडं झालंय. आता बघ कशी भरभर वाढतेस.”

“खरं?” हा प्रश्नही सिस्टरलाच होता. सिस्टरने गळ्याची शपथ घेतली तेव्हा कुठे बाईसाहेबांचं समाधान झालं. मग तिने भिंतीकडे बोट दाखवलं. “आता याला चढवा.”

आबा ‘नको नको’ म्हणाले. अकरा दिवस कामापलीकडे एक शब्द न बोललेली लेक म्हणाली, “चढा, बाबा.” ते चढले. “चपला काढ,” छटाकने फर्मावलं. त्यांनी काढल्या.

“चोपन्न.”

लेकीने झटकन वर पाहिलं. “साठ होतात ना तुम्ही? वर्षानुवर्षं साठ.”

“काटा जरा...” आबांनी सुरुवात केली आणि गप्प झाले. काटा बरोबर होता. त्यांचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता, ते लेकीला आत्ता दिसलं.

“सहा किलो कमी,” छटाकने वजाबाकी केली. तिचा चेहरा गंभीर झाला. “सिस्टर, मग याचं ऑपरेशन कधी?”

सिस्टर हसली. लेक हसली नाही. तिने डब्यातलं अंडं काढलं, सोललं आणि वडिलांच्या हातात दिलं. “खा. इथेच. माझ्यासमोर.” आबा काट्यावर उभ्याउभ्याच खाऊ लागले, कारण आकडा हलल्याशिवाय छटाक त्यांना उतरू देणार नव्हती. ती मान वर करून त्या आकड्याकडे डोळे लावून बसली. अंडं संपलं.

“हलला नाही,” ती कुजबुजली.

‘हलला, हलला,’ असं म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं. आबांनी ते गिळलं. “नाही हलणार,” ते म्हणाले. “हातात होतं तेव्हाच ते मोजलं गेलं होतं. आता नुसतं पोटात गेलं. आज नाही वाढणार.”

छटाकने त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. एखादा काटा तपासताना आबा बघत, तसंच.

“बरं,” ती म्हणाली. “उद्या परत बघू. पण उद्याही सिस्टरच वाचतील.”